पांढऱ्या वाळूचा जमाखर्च

आमचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त बरीच वर्षे त्रिनिदाद बेटावर राहतो. एका जानेवारीत आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा शनिवार-रविवार गाठून सगळ्यांनी बार्बाडोसला जाऊन यायचे ठरले. विमानाने तासाभराचाच प्रवास. शुक्रवारी संध्याकाळी निघायचे, रविवारी रात्री परत. भाऊ, भावजय, अकरा वर्षांची पुतणी, सहा वर्षांचा पुतण्या आणि आम्ही दोघे. समुद्रात डुंबायचे, मासे खायचे आणि जमलेच तर क्रिकेटचे केन्सिंग्टन ओव्हल मैदान बाहेरून का होईना पाहायचे, एवढाच बेत होता.

पण पुतणीला एक छंद आहे. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत ती निरनिराळ्या किनाऱ्यांची वाळू ठेवते. तिच्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. एकीत त्रिनिदादच्या माराकस किनाऱ्याची पिवळसर तपकिरी वाळू, दुसरीत सेंट व्हिन्सेंट बेटावरची जवळजवळ काळी. बार्बाडोसची वाळू मात्र घरी न्यायची नाही, तिथल्या तिथे पाहायची आणि टाकून द्यायची, असे तिला बजावले होते. ती पांढरी वाळू पाहताच तिने विचारले, "काका, तिन्ही बेटं शेजारीशेजारी, समुद्रही एकच. मग वाळू तीन रंगांची कशी?"

पाठ्यपुस्तकातले उत्तर आपल्या सर्वांना पाठ असते: खडकांची झीज होऊन वाळू तयार होते. पहिल्या दोन बाटल्यांना हे उत्तर चपखल बसते. भूशास्त्राच्या दृष्टीने त्रिनिदाद हा दक्षिण अमेरिका खंडाचाच तुटलेला तुकडा. त्याच्या उत्तरेकडच्या डोंगररांगेत रूपांतरित खडक आहेत, आणि त्यांची झीज होताना सर्वांत चिवट असे क्वार्ट्झचे म्हणजे गारेचे कण मागे उरतात. सेंट व्हिन्सेंटवर ला सूफ्रिएर हा जागृत ज्वालामुखी आहे. 1902, 1979 आणि अगदी अलीकडे एप्रिल 2021 मध्ये त्याचा उद्रेक झाला. लाव्हा आणि राख यांतील गडद खनिजांची तिथली वाळू काळी असणारच. बार्बाडोसवर मात्र ज्वालामुखी नाही आणि रूपांतरित खडकांचे डोंगरही नाहीत. मग झीज कशाची झाली?

उत्तराची सुरुवात रात्रीच्या जेवणात झाली. पानात इथला राष्ट्रीय पदार्थ होता: मक्याचे पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेला कुकू आणि सोबत उडणारा मासा. माशाबरोबर लिंबाची फोड होतीच. तिन्ही वाळूंची एकेक चिमूट आम्ही बशीत ठेवली आणि प्रत्येकीवर लिंबू पिळायला पुतणीला सांगितले. काळी वाळू ढिम्म. माराकसच्या वाळूतून एखाद-दुसरा बुडबुडा. पांढरी वाळू मात्र फसफसली! "सोड्यासारखी!" पुतण्या ओरडला आणि शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली.

लिंबात सायट्रिक आम्ल असते. आम्लाशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड सोडणारा पदार्थ म्हणजे बहुधा कॅल्शियम कार्बोनेट. तेच शिंपल्यात असते, अंड्याच्या कवचात असते आणि प्रवाळाच्या सांगाड्यातही असते. भिंगातून पाहिले तर आणखी उलगडा होतो. माराकसचे कण काचेच्या चुऱ्यासारखे, तर बार्बाडोसच्या वाळूत शंखाचा वळसा, शिंपल्याची किनार, पापडीसारख्या चकत्या आणि मधूनच एखादा लालसर ठिपका. ही खडकाची झीज नव्हेच. हे हाडांचे कण म्हणावेत, फक्त प्राण्यांना हाडे नव्हती एवढेच!

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. लिंबापेक्षा व्हिनेगर सोयीचे. एक ग्रॅम कोरडी वाळू चाळीस मिलिलिटर व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवावी, मग गाळून, धुऊन, वाळवून पुन्हा वजन करावे. जेवढे वजन घटले तेवढा भाग सजीवांकडून आलेला, असे ढोबळमानाने म्हणता येईल. कोकणातल्या किनाऱ्याची वाळू घेतली तर फेस येतो, पण सगळे कण विरघळत नाहीत, कारण तिथे दगडाचे आणि शिंपल्यांचे कण मिसळलेले असतात. गावोगावची वाळू आणून विद्यार्थ्यांना तक्ता करायला लावला तर पाठ्यपुस्तकातल्या त्या एका वाक्याला बऱ्याच पुरवण्या जोडाव्या लागतील.

शनिवारी सकाळी आम्ही पश्चिम किनाऱ्यावर होलटाउनजवळच्या फोकस्टोन सागरी उद्यानात गेलो. येथून हाकेच्या अंतरावर बेलेअर्स ही सागरी संशोधन संस्था आहे. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाने ती 1954 साली सुरू केली. समुद्र तळ्यासारखा शांत. ओहोटी कधी आहे, हा प्रश्न आमच्या मंडळींनी कोकणी सवयीने विचारला, पण इथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम पाऊण मीटरचा. मुंबईला मोठ्या उधाणाच्या दिवशी तो साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. त्यामुळे दिवसभर समुद्र एकाच जागी उभा असल्यासारखा वाटतो.

तोंडाला मुखवटा आणि श्वासाची नळी लावून पुतणी बापाबरोबर पाण्यात उतरली. दहा मिनिटांनी वर येऊन म्हणाली, "खाली कुणीतरी कुरमुरे खातंय!" तो आवाज पोपटमाशाचा. या माशाचे दात एकमेकांना जुळून पोपटासारखी चोच बनलेली असते. तिने तो खडकावरचे शेवाळ खरवडतो, आणि शेवाळाबरोबर खडकही तोंडात येतो. घशात दुसरी दातांची चक्की असते, तिच्यात त्याचे पीठ होते. पोपटमाशाला जठर नसते. शेवाळातले सत्त्व आतड्यात शोषले जाते आणि उरलेले पीठ मागून बाहेर पडते. पाण्यात पांढरा ढग सोडून मासा पुढे निघून जातो. चार्ल्स डार्विनने 1836 साली हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर असे मासे पाहिले होते, त्यांच्या पोटात खडूसारखा चिखल सापडल्याची नोंदही त्याने केली आहे.

हे ऐकल्यावर पुतण्याने बसल्या जागी वाळूत हात घालायचे थांबवले. "म्हणजे ही माशाची शी?" त्याला "काही अंशी हो" असे उत्तर द्यावे लागले.

"काही अंशी" हे शब्द महत्त्वाचे आहेत. पर्यटकांसाठी छापलेली माहिती बहुधा सगळे श्रेय पोपटमाशाला देऊन मोकळी होते. काही ठिकाणी ते खरेही आहे. मालदीवमधल्या एका बेटाभोवती नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी 85 टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांची असल्याचे 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पण सगळीकडे हाच हिशेब लावू नये. भिंगाखाली दिसलेल्या पापडीसारख्या चकत्या हॅलिमेडा नावाच्या शैवालाच्या असतात. ही वनस्पती आपल्या अंगात चुना साठवते आणि मेल्यावर तिचे तुकडे सुटे होतात. लालसर ठिपके फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचांचे. आणि बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावर तर खरा गिरणीवाला वेगळाच होता.

1970 च्या दशकात बेलेअर्सजवळच्याच एका प्रवाळभित्तीचा चुन्याचा ताळेबंद शास्त्रज्ञांनी मांडला. प्रवाळ आणि चुना साठवणारी शैवाले वर्षाला किती चुना जमा करतात, आणि कुरतडणारे जीव किती खर्च करतात, याचा तो हिशेब होता. खर्चाच्या बाजूला सर्वांत मोठा आकडा निघाला तो डायडेमा या सी-अर्चिनचा. काळाभोर, विणकामाच्या सुयांएवढ्या लांब काट्यांचा हा गोल प्राणी रात्री शेवाळ खरवडत हिंडतो आणि खडकही किसून काढतो. तेव्हा त्यांची संख्या इतकी होती की पाण्यात पाय टाकताना जपावे लागे.

मग 1983 साल उजाडले. जानेवारीत पनामाजवळ डायडेमा मरू लागले. प्रवाहांबरोबर ही साथ पसरत गेली, आणि वर्षभरात कॅरिबियन समुद्रातले नव्वद टक्क्यांहून अधिक डायडेमा नाहीसे झाले. आता विद्यार्थ्यांना विचारून पाहावे: प्रवाळभित्ती कुरतडणारा सर्वांत मोठा प्राणी गेला, तर भित्तीचे काय होईल? बहुतेकांचे उत्तर येईल, ती जोमाने वाढेल. आमच्या भावानेही हेच उत्तर दिले, आणि तो अभियंता आहे.

झाले उलटेच. कुरतडणे कमी झाले हे खरे, पण शेवाळ खाणाराही तोच होता. खडकावर शेवाळ माजले. प्रवाळाच्या पिलाला चिकटायला स्वच्छ खडक लागतो, तो मिळेना. म्हणजे खर्चाचे खाते मिटले, पण त्याबरोबर जमेचेही आटू लागले. तेव्हापासून शेवाळ आवरण्याचा भार मुख्यतः पोपटमाशांवर येऊन पडला आहे. बेलीझने 2009 साली आणि बोनेर बेटाने 2010 साली त्यांच्या मासेमारीवर बंदी घातली ती यामुळेच. कोळ्याच्या दृष्टीने तो खायचा मासा, आणि बंदीची झळ त्यालाच लागते, हेही विसरून चालणार नाही. डायडेमा काही ठिकाणी हळूहळू परतत होते, तोच 2022 साली पुन्हा साथ आली. या वेळी मात्र कारण सापडले, एक सूक्ष्म एकपेशीय परजीवी. शिवाय समुद्राचे पाणी तापले की प्रवाळ आपल्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरेफटक पडतात. 2005 साली पूर्व कॅरिबियनमध्ये, बार्बाडोस धरून, हे फार मोठ्या प्रमाणावर घडले, आणि 2023 साली पुन्हा.

दुपारी उन्हातून सावलीकडे वळताना एक गोष्ट घडली, ती सांगायला हवी. किनाऱ्यावरच्या एका झाडाखाली छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळे पडली होती आणि पुतण्याने एक उचलले. भावाने झडप घालून त्याचा हात धरला. झाडाच्या बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला होता, तो आमच्या लक्षातच आला नव्हता. हे मँचिनीलचे झाड. त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात, पावसात त्याच्याखाली उभे राहिले तरी येतात, आणि फळ खाल्ले तर घसा भाजून निघतो. झाड एरंडाच्या कुळातले. कोकणात कुंपणाला लावतात त्या शेराचे नातलग, पण त्याहून कितीतरी जहाल. याचीही मुळे किनाऱ्यावरची वाळू धरून ठेवतात, म्हणून ते सरसकट तोडत नाहीत, लाल पट्टा मारून ठेवतात.

रविवारी मोटारीने पूर्व किनाऱ्याला निघालो. बेट रुंदीला तेवीस किलोमीटरच, पण वाटेत जमीन पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते. प्रत्येक पायरी ही एकेकाळची प्रवाळभित्ती. अटलांटिकखालचा भूपट्ट कॅरिबियन भूपट्टाखाली सरकताना तळावरचा गाळ खरवडून साचत जातो, त्या ढिगाचा वर आलेला माथा म्हणजे बार्बाडोस. माथा उचलला जाताना त्याच्याभोवती वाढलेल्या भित्ती एकामागून एक पाण्याबाहेर आल्या. बेटाचा सुमारे 85 टक्के भाग अशा प्रवाळी चुनखडकाने झाकलेला आहे. यांपैकी तीन पायऱ्यांची वये 1968 साली प्रसिद्ध झाली: सुमारे 82 हजार, 1 लाख 5 हजार आणि 1 लाख 25 हजार वर्षे. समुद्राची पातळी पृथ्वीच्या कक्षेतील बदलांनुसार वर-खाली होते, या मताला त्या आकड्यांनी मोठे बळ मिळाले.

बाथशिबाला पोचलो आणि वाटले, हा दुसराच देश. आफ्रिकेपासून सुमारे साडेचार हजार किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आलेल्या लाटा इथे आदळतात. चुनखडकाचे प्रचंड धोंडे खालून झिजून अळंब्यांसारखे उभे आहेत. पोहण्याचा प्रश्नच नव्हता. पुतणीने मात्र रुमालात बांधून आणलेले लिंबू काढले. पांढऱ्या बेटाचे कोडे सुटले आहे अशी तिची खात्री होती. पण इथली वाळू तपकिरी निघाली, आणि फेस आला तो बेताचाच.

ती हिरमुसली. आम्हाला मात्र हे फार आवडले. बेटाच्या या कोपऱ्यात चुनखडकाचे आवरण झिजून गेले आहे आणि आतला जुना गाळ उघडा पडला आहे. त्यातल्या वालुकाश्मात क्वार्ट्झ भरपूर आहे, आणि ते आले कुठून, तर दक्षिण अमेरिकेच्या नद्यांनी कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळावर नेऊन टाकलेल्या वाळूतून. तिच्या बाटलीतल्या माराकसच्या कणांचे हे दूरचे भाऊबंद. दोन्ही वाळू शेजारीशेजारी तळहातावर घेऊन तिने भिंगातून बराच वेळ पाहिल्या.

संध्याकाळी सामान घ्यायला हॉटेलवर परतलो तेव्हा किनाऱ्याला गुडघाभर उंचीची पायरी पडलेली दिसली. शुक्रवारी तिथे सपाट उतार होता. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लांब लाटा शांत पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतात आणि दोन दिवसांत वाळू ओढून नेतात. ती जवळच्या तळावर साचते आणि लाटा निवल्या की बरीचशी परत येते. जी भित्तीपलीकडच्या खोल पाण्यात गेली ती मात्र गेलीच, तिची भरपाई नव्या वाळूनेच व्हायची. हॉटेलच्या माळ्याला आम्ही विचारले, दरवर्षी असेच होते का? तो म्हणाला, होते, पण आपल्या लहानपणी ही भिंत इथे नव्हती. आणि त्याने हॉटेलच्या बागेखाली नव्याने बांधलेल्या सिमेंटच्या भिंतीकडे बोट दाखवले.

विमानतळावर पुतण्याने बूट काढून उलटे केले. मूठभर पांढरी वाळू फरशीवर पडली. पुतणीने बापाकडे पाहिले, मग आमच्याकडे. "काका, ही मी आणलेली नाही हं," ती म्हणाली, आणि खाली बसून भिंग शोधू लागली.