विश्लेषकाची घडण

शल्यविशारदाचे शस्त्र त्याच्या शरीराहून निराळे असते. ते उकळून निर्जंतुक करता येते, बोथट झाल्यास बदलता येते. मनोविश्लेषकाजवळ असे निराळे शस्त्र नसते. समोरची व्यक्ती बोलत असता त्याच्या स्वतःच्या मनात जे उमटते, त्याच्याच आधाराने त्याला त्या व्यक्तीच्या दुःखापर्यंत पोहोचावयाचे असते. हे साधनच सदोष असेल तर काय होईल? स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्टाफ युंग (१८७५–१९६१) यांच्या परंपरेतील विश्लेषकांचे सारे शिक्षण या एका प्रश्नाभोवती उभारलेले आहे.

१९०० च्या डिसेंबरात युंग झुरिक येथील बुर्गहोल्झ्ली रुग्णालयात ऑयगेन ब्लॉयलर यांच्या हाताखाली रुजू झाले. तेथे त्यांनी शब्दसाहचर्याचे प्रयोग केले. ‘डोके’, ‘हिरवा’, ‘पाणी’ असे १०० शब्द एकामागून एक उच्चारावयाचे, प्रत्येक शब्दासरशी समोरच्याच्या मनात येणारा पहिला शब्द टिपावयाचा आणि मध्ये गेलेला वेळ घड्याळावर मोजावयाचा, अशी ही रीत होती. काही शब्दांपाशी माणूस अडखळतो, गोंधळतो किंवा विनाकारण हसतो. अशा ठिकाणी भावनेने भारलेल्या कल्पनांचा एखादा समूह, म्हणजेच ‘गंड’, दडलेला असतो, असे युंग यांनी दाखविले. रुग्णांप्रमाणेच निरोगी माणसेही अशी अडखळत. मग प्रयोग करणारा डॉक्टर तरी अपवाद कसा ठरावा?

तो अपवाद नव्हताच. १९०४ साली साबिना स्पीलराइन ही रशियन तरुणी युंग यांची रुग्ण म्हणून त्याच रुग्णालयात आली. पुढे ती वैद्यक शिकली आणि स्वतः मनोविश्लेषक झाली. परंतु मधल्या काळात युंग यांचे तिच्याशी असलेले संबंध वैद्य आणि रुग्ण यांच्यातील मर्यादा ओलांडून गेले होते. १९०९ मध्ये हे प्रकरण सिग्मंड फ्रॉइड यांच्यापर्यंत पोहोचले. त्या वर्षीच्या जूनमध्ये युंग यांना लिहिलेल्या पत्रात, रुग्णामुळे वैद्याच्या मनात जाग्या होणाऱ्या भावनांसाठी फ्रॉइड यांनी ‘प्रतिसंक्रमण’ ही संज्ञा वापरली. विश्लेषण करू इच्छिणाऱ्याने आधी स्वतःचे विश्लेषण करवून घेतले पाहिजे, हा आग्रह धरल्याचे श्रेय त्यांनी १९१२ मध्ये झुरिकच्या मंडळींना दिले. ज्यांच्या हातून मर्यादा सुटली होती, त्यांच्याच वर्तुळातून हा नियम यावा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९१३ मध्ये दोघांचे संबंध तुटले. नियम मात्र दोन्ही परंपरांनी जपला.

दीर्घकाळ युंग यांच्याकडे शिक्षणाची ठरावीक चौकट नव्हती. विश्लेषणासाठी आलेल्यांपैकीच काहीजण पुढे विश्लेषक होत. १९४८ मध्ये झुरिक येथे सी. जी. युंग संस्था स्थापन झाली, तेव्हा ते ७२ वर्षांचे होते. प्रत्येकाने आपला मार्ग आपण शोधावा, असे सांगणाऱ्या विचारवंताच्या नावाने आता प्रवेश, परीक्षा आणि पदविका सुरू व्हावयाच्या होत्या. याविषयी आरंभी ते स्वतःही साशंक होते. १९५५ मध्ये विश्लेषणात्मक मानसशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संघ निर्माण झाला. १९७९ मध्ये झुरिकची संस्था युंग राहत असत त्या क्युस्नाख्त गावी, सरोवराकाठी हलली.

या शिक्षणाची तीन अंगे आहेत. पहिले ग्रंथांचे. स्वप्ने, गंड आणि मनोविकार यांच्याबरोबर पुराणकथा, परीकथा आणि तुलनात्मक धर्म हेही झुरिकच्या परंपरेत परीक्षेचे विषय आहेत. डॉक्टरला परीकथा कशासाठी, असे वाचकांना वाटेल. समजा, एखाद्याच्या स्वप्नात साप आला. विश्लेषक प्रथम विचारतो, सापावरून तुम्हाला काय आठवते? त्यानंतर तो नागपंचमीला पूजिला जाणारा नाग, एडन उद्यानातील मोह घालणारा सर्प, ग्रीक वैद्यदेवता अस्क्लेपियसच्या दंडाला वेढलेला सर्प, अशी चित्रे मनाशी आणतो. एकच प्राणी भय, मोह आणि आरोग्य या तिघांची खूण होऊ शकतो, हे ज्याला ठाऊक आहे, तो स्वप्नाचा ठोकळेबाज अर्थ सांगण्याची घाई करीत नाही.

दुसरे अंग स्वतःच्या विश्लेषणाचे. ते शेकडो तास चालते. आपल्याला नकोसे वाटणारे जे गुण आपण दृष्टीआड करतो, त्यांना युंग यांनी ‘छाया’ म्हटले. आपण परोपकारी आहोत, अशी ज्याची खात्री आहे, त्याला आपल्या परोपकारामागील सत्तेची हाव येथे पाहावी लागते. ती न पाहता तो विश्लेषक झाला, तर रुग्ण बरा होऊन निघून जाणे त्याला नकळत नकोसे वाटू लागेल.

तिसरे अंग देखरेखीखालील कामाचे. उमेदवार रुग्ण पाहू लागतो आणि प्रत्येक रुग्णाविषयी अनुभवी विश्लेषकाशी चर्चा करतो. एका विशिष्ट रुग्णासमोरच त्याला झोप येत असेल, तर विचारले जाते : ही मरगळ कोणाची? तुमची, की रुग्णाने आजवर कोणालाच न सांगितलेल्या निराशेची? १९२९ च्या एका निबंधात युंग यांनी अशा भेटीस दोन रासायनिक द्रव्यांच्या संयोगाची उपमा दिली होती. क्रिया घडली, तर दोन्ही द्रव्ये पालटतात.

येथेच एक खरी अडचण उभी राहते. उमेदवाराची पात्रता सर्वांत जवळून त्याच्या विश्लेषकालाच ठाऊक असते. त्याचे मत विचारावे, तर उमेदवार मन मोकळे करणार नाही. न विचारावे, तर परीक्षकांना अर्धेच दिसेल. मनोविश्लेषणाच्या अनेक संस्थांत यावर दीर्घकाळ वाद झाले. गुप्ततेविना विश्लेषणच संभवत नाही, हे मान्य करून उमेदवाराच्या विश्लेषकाला निर्णयापासून दूर ठेवण्याकडे आता सर्वसाधारण कल आहे. याची किंमत म्हणून परीक्षकांना काही अनिश्चितता पत्करावी लागते.

खर्चाचा प्रश्नही लहान नाही. अनेक वर्षांचे हे शिक्षण बहुतेकजण नोकरी-व्यवसाय सांभाळून स्वखर्चाने पुरे करतात. ज्या देशांत प्रशिक्षणसंस्था नाही, तेथील उमेदवारांसाठी आंतरराष्ट्रीय संघाने वैयक्तिक सदस्यत्वाचा मार्ग ठेवला आहे. १९९१ नंतर रशियात कित्येकांना ठरावीक काळाने येणाऱ्या परदेशी विश्लेषकांकडूनच हे शिक्षण मिळाले.

भारतीय वाचकाला यात गुरुपरंपरेचा भास होईल. दीर्घ सहवास आणि आत्मपरीक्षण ही साम्ये आहेतही. परंतु गुरू शिष्याला मार्ग दाखवितो; विश्लेषकाने आपला मार्ग दुसऱ्यावर लादू नये, यासाठी त्याला इतकी वर्षे शिकविले जाते. पदविका हाती आल्यावरही जाणते विश्लेषक कठीण प्रसंगी सहकाऱ्याचा सल्ला घेतात, कारण स्वतःची छाया स्वतःला पुरती दिसत नाही.