उभी मोटार आणि हिवाळ्यातले ऊन



चंदीगडला नोकरीनिमित्त राहणारी अनेक मराठी कुटुंबे हिवाळ्यात महाराष्ट्रात येऊन जातात. डिसेंबरअखेर त्या शहरावर धुके उतरते, रात्रीचे तापमान ५-६ अंशांवर येते, आणि इकडे लग्नकार्ये खोळंबलेली असतात. घराला कुलूप लागते. मोटार मात्र पोर्चमध्ये उभी राहते. दोन महिन्यांनी परतावे, किल्ली फिरवावी आणि नुसती टक्-टक् ऐकू यावी, हा अनुभव मीही घेतला आहे. त्या रात्री घरातील वडीलधाऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचे होते. शेजारी धावून आले म्हणून निभावले.

मी दोष थंडीला दिला. तो अर्धाच खरा होता.

मोटारीची बॅटरी १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी शोधलेल्या घटाचीच वंशज आहे. सौम्य गंधकाम्लात शिशाच्या पट्ट्या असतात. वीज देताना त्यांच्यावर लेड सल्फेटचा थर बसतो; पुन्हा वीज भरली की तो विरघळतो. परंतु बॅटरी अर्धीमुर्धी रिकामी ठेवली, तर त्या थराचे कण मोठे व टणक होतात आणि मग हटत नाहीत. बॅटरी मरते ती या दुर्लक्षाने. थंडीत तर ती आपली आपण रिकामी होण्याचा वेग उलट मंदावतो. मात्र तिची जोराचा प्रवाह देण्याची शक्ती घटते आणि घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन अधिक जोर मागते. म्हणजे थंडी बॅटरीचा दुबळेपणा उघडा पाडते, इतकेच.

मग वीज जाते कुठे? कुलूपबंद मोटारही पुरती निजत नाही. घड्याळ, चोरघंटा, आतील संगणक जागेच असतात. त्यांना ५० मिलिअँपिअर लागतात असे धरले, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतो. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी १९ दिवसांत अर्धी होईल.

हा खर्च रोजच्या रोज भरून काढणे हाच उपाय, आणि त्यासाठी सूर्य पुरेसा आहे. १० वॅटचे सौर पॅनेल भर उन्हात अर्ध्या अँपिअरहून थोडा अधिक प्रवाह देते. तीन तासांच्या चांगल्या उन्हाइतका प्रकाश मिळाला, तरी दीड अँपिअर-तासांहून अधिक जमा होते. ५ वॅटचे पॅनेल येथे अपुरे पडेल. धुक्याचे दिवस ध्यानी घेऊन २० वॅटचे घेणे अधिक बरे. २१ डिसेंबरला चंदीगडचा सूर्य माध्यान्हीही क्षितिजापासून केवळ ३६ अंश वर येतो. म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे ४५ अंश तिरपे, गच्चीवर ठेवावे आणि तार खाली आणावी. पोर्चच्या सावलीत त्याचा उपयोग नाही.

मात्र पॅनेल थेट बॅटरीला जोडू नये. भार नसताना ते २१ व्होल्टपर्यंत चढते. भरलेल्या बॅटरीला १३.६ व्होल्टच्या आसपास दाब पुरतो. मध्ये चार्ज कंट्रोलर असावा. तो जादा भरणा रोखतो आणि रात्री वीज उलट वाहू देत नाही. कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनेल जोडावे. सोडवताना क्रम उलटा. धन टोकाजवळ फ्यूज बसवावा. भरताना बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, तेव्हा जागा हवेशीर असावी आणि ठिणगी दूर.

निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरलेली हवी. काही तास विसावल्यावर मल्टीमीटरने १२.६ व्होल्ट दाखवले म्हणजे ती भरली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. हे छोटे पॅनेल भरलेली बॅटरी राखते, मेलेली उठवत नाही. ऊन मिळणेच शक्य नसेल, तर ऋण टोकाची तार सोडून ठेवावी.

नागपूर-जबलपूरच्या श्रोत्यांनी हा विषय परका मानू नये. उन्हाळ्याच्या तापाने बॅटरी अधिकच वेगाने रिकामी होते. थेंबे थेंबे तळे साचे, तसेच ते थेंबाथेंबाने आटतेही. रोज एक थेंब परत घालण्याची व्यवस्था केली, की अवेळी फिरवलेली किल्ली दगा देण्याची भीती पुष्कळच कमी होते.