चौकोनी डक्टमधला वारा : भोके नेमकी कुठे पाडायची?

  हवेचा वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबवरून पुण्याच्या एका वाचकाने विचारले आहे : डक्टच्या बाजूचे पाच सारखे भाग करून प्रत्येकाच्या मध्यावर नळी धरली, तर बिघडते कुठे? लॉग-चेबिशेव कोष्टकात मापांच्या जागांसाठी दिलेले ०.०७४ आणि ०.२८८ हे बाजूचे विचित्र अंश आले कुठून?

बिघडते ते पत्र्याजवळ. पत्र्याला टेकलेल्या हवेचा वेग शून्य असतो. तिथून आत येताना तो आधी झपाट्याने आणि मग सावकाश, लॉगरिथमच्या वळणाने चढतो. ६०० मिलिमीटरच्या बाजूचे पाच सारखे भाग केले की पहिले माप पत्र्यापासून ६० मिलिमीटरवर पडते. कडेची रेंगाळणारी हवा हिशेबात पुरेशी येत नाही आणि सरासरी फुगते. लॉग-चेबिशेव पद्धतीत हीच मापे ४४, १७३, ३००, ४२७ आणि ५५६ मिलिमीटरवर घेतात. दोन्ही टोकांची मापे कडेकडे सरकतात, मधले जागचे हलत नाही.

चेबिशेव हे पीटर्सबर्गचे रशियन गणिती. माणूस मोठा हौशी. १८७८ मध्ये पॅरिसला त्यांनी कापड बेतण्याच्या गणितावर व्याख्यान दिले होते! त्याआधी, १८७४ मध्ये, त्यांनी एक प्रश्न हाती घेतला होता. वक्ररेषेखालचे क्षेत्रफळ काढताना निवडलेल्या प्रत्येक बिंदूला सारखेच वजन द्यायचे असेल, तर बिंदू कुठे घ्यावेत? त्यांच्या उत्तरात पाच बिंदूंपैकी पहिला ०.०८४ वर येतो. डक्टवाल्यांनी त्यात भिंतीजवळचे लॉगरिथमचे वळण मिसळले आणि तो ०.०७४ वर सरकला. सारख्या वजनाचा फायदा साइटवर कळतो : शिडीवर उभे राहून गुणाकार करायचे नाहीत, नुसती बेरीज करून भागायचे. गंमत अशी की चेबिशेव यांची मूळ युक्ती आठ बिंदूंना चालत नाही, नऊला पुन्हा चालते आणि दहापासून पुढे कधीच चालत नाही. हे शेवटचे सेर्गेई बर्नस्टाइन यांनी १९३७ मध्ये सिद्ध केले.

१००० × ६०० मिलिमीटरच्या डक्टला रुंद बाजूवर सात भोके आणि प्रत्येक भोकातून वेगवेगळ्या खोलीवर पाच मापे, म्हणजे एकूण ३५ मापे होतात. कंटाळवाणे काम आहे खरे, पण घाई होते ती त्यानंतर. दाबावरून वेग काढताना मॅनोमीटरवरचे पास्कल आधी सरासरून मग वर्गमूळ काढणारे पुष्कळ भेटतात. दोनच मापे घ्या, १०० आणि २५ पास्कल. सरासरी ६२.५, तिचे वर्गमूळ गुणिले १.२९, म्हणजे सेकंदाला १०.२ मीटर. प्रत्येकाचे वर्गमूळ वेगळे काढले तर १२.९ आणि ६.४५, खरी सरासरी ९.७. पाच टक्के हवा कागदावरच तयार झाली!

तो १.२९ही सगळीकडे सारखा लागत नाही. घनमीटरला १.२ किलो वजनाच्या हवेसाठी तो आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीच्या पुण्यात, ३० अंशांच्या हवेत, खरा वेग त्याहून पाचेक टक्के जास्त निघतो. पत्र लिहिणाऱ्याने हेही तपासून पाहावे.

कोपऱ्यांचे प्रकरण आणखी वेगळे. चौकोनी डक्टमध्ये मधली वेगवान हवा कर्णाच्या दिशेने कोपऱ्यांकडे ढकलली जाते आणि भिंतींच्या मध्यावरून परतते. ग्योटिंगेनमध्ये निकुराडसे या संशोधकाच्या मोजणीत समवेगाच्या रेषा कोपऱ्यांकडे फुगलेल्या दिसल्या, आणि त्यामागचे हे आडवे प्रवाह प्रांटल यांनी १९२६ मध्ये उलगडले. गोल नळीची कोष्टके चौकोनी डक्टला सरळ लावता येत नाहीत याचे हे एक कारण.

एवढे गणित करूनही एल्बोच्या लगेच पुढे भोके पाडली तर सगळे वाया. नियम सांगतो, भोकांच्या मागे, आधीच्या वळणापर्यंत, साडेसात हायड्रॉलिक व्यास (क्षेत्रफळाची चौपट भागिले परिमिती) सरळ डक्ट आणि पुढे तीन व्यास हवे. आपल्या डक्टचा हायड्रॉलिक व्यास ०.७५ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ मीटरची सरळ धाव. मुंबईच्या एखाद्या कार्यालयाच्या फॉल्स सीलिंगमध्ये ती शोधून दाखवावी! म्हणून व्यवहारात दुसरी कसोटी लावतात : निदान ७५ टक्के मापे सर्वांत मोठ्या मापाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त असली, तर जागा चालेल. उलटी वाहणारी हवा दाखवणारे माप तिथे शून्य धरायचे. कसोटी हुकली, तर पाडलेल्या भोकांना रबरी बुचे मारायची आणि शिडी दुसरीकडे न्यायची.