छातीतली धडधड आणि तिसरी चढाई

रायगड जिल्ह्यात कबड्डी म्हणजे जीव की प्राण. माणगाव तालुक्यातल्या गावांतही मातीच्या मैदानावर सामने रंगतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. मातीला लावलेला हात कपाळाशी नेऊन तो मध्यरेषा ओलांडतो. हाती फक्त 30 सेकंद. तोंडाला कोरड, तळहाताला घाम, छातीत धडधड. बाहेरून आरोळी येते, "घाबरू नको रे!"

असं सांगून धडधड थांबत नाही, आणि थांबायलाही नको. अॅड्रेनलिनमुळे हृदय जोरात चालतं, स्नायूंना जास्त रक्त मिळतं. पकडीतून निसटायला लागणारी ताकद त्यातूनच येते. मात्र हा ताण फार चढला की नजर एकाच बचावपटूवर खिळते, कोपऱ्यातून आलेला हात दिसत नाही आणि एरवी आपसूक पडणारं पाऊल विचार करून टाकावं लागतं.

यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी 1908 मध्ये उंदरांवर प्रयोग केले. सोपं काम उंदीर तीव्र विजेच्या धक्क्यानं लवकर शिकले, अवघड काम मात्र मध्यम धक्क्यानं. खेळातही बऱ्याच अंशी तसंच दिसतं. चढाईला अंगात रग हवी, नेमबाजीला स्थिर हात.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याचं उदाहरण बघा. 50 मीटर रायफलच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. 2023 मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत तो आघाडीवर होता. एक नेम 7.6 वर गेला आणि वैयक्तिक पदक हुकलं. तो चौथा आला. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये मात्र त्यानं 451.4 गुणांसह ऑलिंपिक कांस्य जिंकलं. त्या दिवशी पोटात गोळा आला होता, काही न खाता फक्त काळा चहा घेतला होता आणि हृदय जोरात धडधडत होतं, असं त्यानंच नंतर सांगितलं. त्यानं श्वासावर ताबा ठेवला आणि वेगळं काही करायला गेला नाही. धडधड असूनही पदक मिळालं, ही गोष्ट प्रत्येक खेळाडूला आवर्जून सांगण्यासारखी आहे.

शिवाय किती ताण उपयोगी पडतो, हे माणसागणिक बदलतं. कोणी थोडा चिडला की खुलतो, कोणी शांत बसल्यावर; मानसशास्त्रज्ञ युरी हानिन यांनी हेच मांडलं. म्हणून मध्यंतरात साऱ्या संघाला एकाच सुरात झापणं चूक आहे.

तेव्हा माणगावच्या मैदानाकडेला उभ्या प्रशिक्षकांना आणि पालकांना एक विनंती. पोराला 'घाबरू नको' म्हणू नका. एक लांब श्वास सोडायला लावा आणि पुढच्या चढाईत नेमकं काय करायचं, एवढंच सांगा.