दुखणं थांबलं, दाढ तशीच
तोंडाचं आरोग्य : भाग ७

दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, हा हिशेब अक्कलदाढेला लागू पडत नाही. अंधेरीत दातांचा दवाखाना चालवताना हे मला सतत सांगावं लागतं, आणि समोरचा बहुतेक वेळा विशीतला असतो. परीक्षा तोंडावर आलेली असते किंवा पहिली नोकरी लागलेली असते. खालच्या जबड्यात अगदी मागे ठणका, घास गिळताना कानापर्यंत कळ, जांभई द्यायचीही चोरी. घरात मागच्या वेळच्या गोळ्यांची अर्धी पट्टी सापडते, ती घेतली की सूज उतरते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. अशा दोन-चार फेऱ्या झाल्या की मग दवाखान्याची आठवण होते.

गोळ्यांनी जंतू कमी होतात, दाढेची जागा बदलत नाही. सगळं त्या जागेत आहे. ही दाढ साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षात येते, तोवर जबड्यातली जागा बाकीच्या दातांनी घेतलेली असते. माणूस अन्न शिजवून मऊ खाऊ लागला, जबडे पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेले, दातांची संख्या मात्र फारशी बदलली नाही. काहींना एखादी अक्कलदाढ मुळातच नसते, ते सुटले. बाकीच्यांपैकी काहींची दाढ सरळ येऊन नीट चावते. तिला कोणी हात लावायचं कारण नाही. उरलेल्यांची तिरकी, आडवी किंवा अर्धवट वर येऊन अडकते.

अर्धवट आलेल्या दाढेवर हिरडीची एक झडप राहते. तिच्याखाली अन्नाचे कण जातात, ब्रश पोचत नाही, जंतू वाढतात आणि हिरडी सुजते. वरची दाढ त्याच सुजेवर चावत राहते, म्हणून तोंड मिटलं तरी दुखतं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि डॉक्टरांनी झडपेखालची जागा धुऊन काढणं, हा पहिला उपाय. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिर वाटतं, झडपेखालची घाण तिथेच राहते.

याहून मोठं नुकसान न दुखता होतं, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. पुढे झुकलेली अक्कलदाढ शेजारच्या दाढेला मागून टेकते. त्या फटीत अडकलेलं अन्न निघत नाही आणि शेजारची धडधाकट दाढ मागच्या बाजूने किडते. कळतं तेव्हा कीड दाढेच्या नसेपर्यंत गेलेली असते. जी दाढ जन्मभर चावायला हवी, ती निरुपयोगी दाढेपायी जाते.

मग प्रत्येकाची अक्कलदाढ आधीच काढून टाकावी का? ब्रिटनमध्ये हा प्रश्न गांभीर्याने तपासला गेला. तिथल्या नाइस या संस्थेने 2000 साली सांगितलं, की आजार नसलेली अडकलेली दाढ उगाच काढू नये. हिरडी पहिल्यांदा सुजली आणि त्रास तीव्र नसेल तर थांबावं. पुन्हा सुजली तर काढण्याचा विचार करावा. नंतर तिथल्याच तज्ज्ञांनी दाखवून दिलं, की थांबल्यामुळे काहींच्या शेजारच्या दाढा किडू लागल्या. माझं मत या दोन्हींच्या मधलं आहे. सरळ, स्वच्छ राहणारी दाढ राहू द्यावी. हाडात पूर्ण गाडलेली, शांत दाढ अधूनमधून एक्स-रे काढून पाहावी. पण पुढे झुकून शेजारणीला टेकलेली, अर्धी वर आलेली दाढ असेल, तर तिशीची वाट पाहू नये. कमी वयात हाड लवचिक असतं, मुळं पूर्ण झालेली नसतात, जखमही लवकर भरते. ‘पुढचे दात वाकडे होतील म्हणून काढा’ असं कोणी सांगितलं, तर त्याला भक्कम पुरावा नाही हेही लक्षात ठेवा.

निर्णयासाठी ओपीजी हवा. हा पूर्ण जबड्याचा एक्स-रे. मशीन डोक्याभोवती फिरतं आणि काही सेकंदांत काम होतं. त्यात दाढेचा कल दिसतो आणि मुळांखालून जाणारी नसही. ही नस खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्शाची जाणीव देते. मुळं तिला चिकटून असतील तर डॉक्टर सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन सांगतात. काही वेळा फक्त वरचा भाग कापून मुळं तशीच ठेवतात. नस दुखावली तर ओठ किंवा हनुवटी बधिर राहू शकते. बहुतेकांची ही बधिरता काही आठवड्यांत-महिन्यांत जाते, थोड्यांची कायम राहते. ही गोष्ट आधी सांगायला हवी, आणि रुग्णाने विचारायलाही हवी.

वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती आपल्याकडे अजून घट्ट आहे. आजी नातवाला घेऊन येते आणि हेच विचारते. दृष्टीची नस डोळ्याच्या पडद्यापासून थेट मेंदूकडे जाते. दाताला जाणीव देणारी नस वेगळी आहे. तिच्या तीन शाखा चेहऱ्याचा स्पर्श आणि वेदना कळवतात, दिसण्याशी तिचा संबंध नाही. दाढ काढल्याने चष्म्याचा नंबर बदलत नाही. वरच्या दाढेच्या मुळांजवळ सायनसची पोकळी मात्र असते, म्हणून ती काढल्यावर काही दिवस जोरात नाक शिंकरू नये.

काढताना लिग्नोकेनची भूल देतात. दाबल्याचं, ढकलल्याचं जाणवतं, दुखत नाही. दुखलं तर हात वर करायचा, डॉक्टर आणखी भूल देतात. अडकलेली दाढ असेल तर हिरडीला छेद देऊन थोडं हाड बाजूला करतात, दाढेचे तुकडे करून काढतात आणि टाके घालतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, हाडांच्या ठिसूळपणाची औषधं, मधुमेह, औषधांची ॲलर्जी, गरोदरपण हे आधीच सांगा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. गुटखा खात असाल तर तेही सांगा, कारण गुटखा खाणाऱ्या अनेकांचं तोंड आधीच कमी उघडतं. राज्यात 2012 पासून बंदी असूनही असे तरुण माझ्याकडे येतात.

त्या दिवशी सोबत कोणीतरी आणा आणि संध्याकाळच्या गर्दीची लोकल टाळा. सुजलेल्या जबड्याला कोपर लागायला वेळ लागत नाही. गॉज अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. पहिल्या दिवशी थुंकायचं नाही, गुळण्या नाहीत, स्ट्रॉ नाही, सिगारेट तर नाहीच. कारण जखमेत धरलेली रक्ताची गुठळी निघाली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाड उघडं पडून भयंकर ठणका लागतो. बाहेरून बर्फ लावा. पेज, गार झालेला मऊ वरणभात, दहीभात चालतो. चुरमुरे, शेव आणि तीळ जखमेत शिरतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि मग उतरते.

खर्चाची अडचण असेल तर अंधेरीहून दोन सरकारी वाटा आहेत. पश्चिम रेल्वेने मुंबई सेंट्रलला उतरून महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय गाठता येतं. हार्बरच्या थेट गाडीने सीएसएमटीला जाऊन सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय. सकाळी लवकर निघा, जुना एक्स-रे आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्या.

आणि हे मात्र उद्यावर ढकलू नका : जबड्याखाली गळ्याकडे कडक सूज, ताप, थुंकी गिळता न येणं, आवाज जड होणं किंवा श्वास अडकणं. खालच्या अक्कलदाढेचा पू गळ्यात उतरला तर श्वासनलिका दाबली जाते. अशा वेळी दातांचा दवाखाना शोधत बसू नका, रात्री कितीही वाजले असले तरी अंधेरीजवळच्या कूपर रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.