पालीचा शिक्षक घडवताना

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद झाला. पण याच पालीला २०१३ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाने मुख्य परीक्षेच्या ऐच्छिक विषयांतून वगळले होते, हे आपण विसरता कामा नये. आणि दर्जा मिळाला तरी वर्गात उभे राहून ही भाषा शिकवणार कोण व कशी, हा प्रश्न जिथल्या तिथेच आहे.

अभिजात भाषा नेहमीच ज्ञानाच्या दारावर राखणीला बसवली गेली. ऑक्सफर्डला प्रवेशासाठी लॅटिनची अट होती, ती १९६० साली सुटली. आपल्याकडे तर दाराशी जातच उभी होती. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत नाकारण्यात आले, फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या बळावर मिळवली. एवढेच नव्हे तर पालीचा कोश आणि व्याकरण तयार केले. त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात ते आहे.

नांदगाव पेठेच्या परिसरातील शाळाशिक्षकांशी बोलताना एक वाक्य मला वारंवार ऐकू येते: "सर, आमचंच संस्कृत कच्चं हाय, मंग पाली कसं शिकवाव?" दोष या शिक्षकांचा नाही. पालीची बरीचशी व्याकरणे आधी संस्कृत शब्द मांडतात आणि मग त्याचे पालीत काय झाले ते सांगतात. म्हणजे जे दार बाबासाहेबांसमोर लावले गेले, त्याच दारातून आमच्या मुलांनी पालीकडे जायचे! शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सुरुवात हा रस्ता बदलण्यापासून व्हायला हवी.

रस्ता आपल्या घरातूनच जातो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाडातील वस्त्यावस्त्यांतून त्रिशरण-पंचशील म्हटले जाते. शाळेत येण्यापूर्वीच मुलाला ते पाठ असते, अर्थ मात्र फारसा कुणी फोडून सांगत नाही. शिक्षकाने 'समादियामि' हा शब्द घ्यावा. शेवटचा 'मि' कर्ता 'मी' असल्याचे सांगतो. तोच 'गच्छामि'त आहे. 'वेरमणी' म्हणजे विरत राहणे, 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याचा नियम. इतके कळले की मुलाला दिसते, इथे कुणी वरून आज्ञा देत नाही. म्हणणारा स्वतःच नियम पत्करतो आहे. व्याकरणाच्या एका प्रत्ययात धम्माचा केवढा विचार आहे!

'अदिन्नादाना' घ्या. अ, दिन्न, आदान: न दिलेले घेणे. संस्कृतात 'दत्त', पालीत 'दिन्न', आणि आमची आजी म्हणते 'देल्लं'. हत्थ-हात, सत्त-सात, अट्ठ-आठ, दुद्ध-दूध, कम्म-काम, अज्ज-आज. ज्या बोलीला शाळेत अशुद्ध म्हणून हसतात तिचे प्राचीन भाषेशी असलेले नाते मुलाला असे सापडते. मात्र उत्साहाच्या भरात 'पाली ही मराठीची आई' असे शिकवू नये. मराठी महाराष्ट्री प्राकृताच्या अधिक जवळची आहे. पाली आणि ती एकाच कुळातल्या. खोटा अभिमान शिकवून खरी भाषा शिकवता येत नाही.

पालीला स्वतःची अशी एक लिपी नाही, ही सोय आहे. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली त्रिपिटक नालंदा येथून ४१ खंडांत देवनागरीत निघाले. मराठी वाचणारे मूल पहिल्या दिवशीच पाली वाचू शकते. संस्कृतही शिकावी, पण दुसऱ्या पायरीवर, तुलनेसाठी. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी पालीसाठी सिलोनपर्यंत गेले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले; आजच्या शिक्षकाला निदान समुद्र ओलांडावा लागत नाही.

गुण सहज मिळतात म्हणून पाली घेणारी मुले पुष्कळ. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही; गरीब घरात गुणांना किंमत असते. परंतु भाषांतर पाठ करून घेणारा तास आणि शब्द फोडून दाखवणारा तास यांतला फरक शिक्षकाला प्रत्यक्ष सराव देऊनच शिकवावा लागेल.

आणखी एक. वर्गात कुणबी, माळी, मुसलमान, आदिवासी मुलेही बसतात. त्यांच्यासमोर वंदना ही पूजा म्हणून नव्हे, पाठ म्हणून यावी. कुणाला हात जोडायला लावायचे नाहीत. फळ्यावर 'दिन्न' लिहावे आणि विचारावे, तुमच्या घरी 'दिले' कसे म्हणतात?