क्षयाची गोळी आणि बाकीची औषधे

क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन सुरू झाले की लघवी नारिंगी होते आणि रुग्ण घाबरतो. हा बदल निरुपद्रवी असतो. याच औषधाचा दुसरा परिणाम मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि खरी काळजी त्याचीच घ्यावी लागते.

आपण घेतलेली अनेक औषधे यकृतातील एन्झाइम मोडून शरीराबाहेर टाकायला मदत करतात. रिफाम्पिसिन यकृताच्या पेशींना ही एन्झाइम अधिक बनवायला लावते. याला 'एन्झाइम इंडक्शन' म्हणतात. गरजेप्रमाणे एन्झाइम बनवणे ही सजीवांची जुनी रीत आहे. ई. कोलाय हा जीवाणू दुधातील साखर मिळाली तरच ती पचवणारे एन्झाइम भरपूर तयार करतो. ही यंत्रणा उलगडणाऱ्या फ्रान्सच्या झाकोब आणि मोनो यांना, ल्वॉफ यांच्यासह, १९६५ मध्ये नोबेल मिळाले.

एन्झाइम वाढले की इतर औषधे लवकर संपतात. डोस तोच, पण परिणाम अपुरा. गर्भनिरोधक गोळी नियमित घेऊनही दिवस राहू शकतात. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, स्टेरॉइड आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांचा प्रभाव कमी होतो. एचआयव्हीवरील डोलुटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची गोळी एरवी दिवसातून एकदा पुरते. रिफाम्पिसिनबरोबर ती दोनदा द्यावी लागते.

हा परिणाम पूर्ण दिसायला एक-दोन आठवडे लागतात आणि औषध थांबल्यावर ओसरायलाही साधारण तेवढेच. दुसरा धोका इथेच असतो. क्षयाच्या उपचारांदरम्यान वॉरफरिनचा डोस वाढवलेला असेल आणि सहा महिन्यांनी रिफाम्पिसिन बंद झाल्यावर तो तसाच राहिला, तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळी आयएनआर तपासणी वारंवार हवी.

यावर उपाय क्षयाची औषधे सोडणे हा नव्हे. ती पूर्ण मुदत घ्यायचीच. उपचार सुरू होतानाच चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत. गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी उपचार संपून चार आठवडे होईपर्यंत तांबीसारखा दुसरा उपाय डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरावा. आणि उपचार संपले की वाढवलेले डोस पुन्हा तपासून घ्यायला विसरू नये.